पल्हादचा बॉल

दिगांबरचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. दिगांबर म्हणजे आमच्या गावच्या फुटबॉल टीमचा जुना खेळाडू, डाव्या बाजूने पळणारा. आता गावात पिठाची चक्की चालवतो. मागे चक्की चालूच होती, त्यामुळे तो नेहमीसारखा ओरडून बोलला. "सुमनताई, पल्हाद गेला ना व. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणे, अन् पडला तो उठलाच नाही." मी विचारलं, "कोण पल्हाद?" आमच्या गावात पल्हाद एकच. मला पक्कं माहीत होतं कोण ते, तरी विचारलं. मग फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडली, अगदी शेवटच्या काडीपर्यंत. त्या वेळी मनात पहिली गोष्ट कोणती आली ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण आज लाज राखायला बसलेली नाही. मनात आलं... सुटले. आता सांगावं लागणार नाही.

सुटले-बिटले काही नाही, हे दोन दिवसांत कळलं. ज्यांना सांगायचं होतं ते गेले, आणि जे सांगायचं होतं ते माझ्यापाशीच राहिलं. आता सव्वा महिना झालाय. वाचणाऱ्यांना आधीच सांगून ठेवते, हा लेख गोड आठवणींचा नाही. गोड आठवणी मधे येतील, भरपूर येतील, पण त्यांच्यावर जाऊ नका. मी प्रल्हादभाऊंची अपराधी आहे, आणि त्यांच्या हयातीत एकदाही तसं त्यांच्या तोंडावर म्हणाले नाही.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं, रोहिणखेडच्या अलीकडे. माझे बाबा तिथे प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्या काळात आमच्याकडे कबड्डी होती, कुस्ती होती, आट्यापाट्या होत्या. फुटबॉल कोणाच्या आज्याने पाहिला नव्हता. बाबांना तो नाद मास्तरकीच्या ट्रेनिंगला असताना लागला आणि गावात बदली झाल्या झाल्या त्यांनी खामगावहून चामड्याचा एक बॉल आणला. आत ब्लॅडर, वर बुटासारखी नाडी. सायकलच्या पंपाने हवा भरायची, नाडी आवळायची, आणि डोक्याने बॉल मारला तर नाडीचा वळ कपाळावर घेऊन घरी जायचं. गुरांचा बाजार भरायचा त्या मैदानावर अकरा पोट्टे जमले. कोणी शेतकऱ्यांचे, कोणी माळवं पिकवणाऱ्यांचे, दोघं-तिघं नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतले. माझ्या आईने अकरा बनियनं एका तगारीत पिवळ्या रंगात बुडवली. पहिल्या चारांवर रंग चढला तो पार केशरी, आणि शेवटची दोन निघाली लिंबाच्या सालीसारखी. तेवढ्यावरून आमचं नाव पडलं हळद्या टीम. ही टीम जिंकत कधीच नसे, त्यामुळे जिथे जाऊ तिथली माणसं ओरडायची, "हळद तं लागली बे, लगन कवा लागते?"

हरायचे म्हणजे काय हरायचे! पिंपळगाव राजाला एकदा सात गोल खाल्ले. परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळे माना घालून बसलेले, आणि बाबा शांतपणे म्हणाले, "मागच्या वेळी नऊ होते. सुधारणा आहे." कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि गाव येईपर्यंत आम्ही सात गोलांचं कौतुक करत आलो. मी त्या ट्रॉलीत असायचे, दर वेळी. आई कटकट करायची, "पोरीची जात, अन् त्या पोट्ट्यायच्या मागं उन्हात फिरते. तोंड पाह्य कसं झालं, तव्याच्या बुडासारखं." पण बाबा न्यायचे. मला पाढे येत नव्हते तेव्हा अकरा जणांची नावं जागेनुसार पाठ होती. टीम हरली की मी जेवायची नाही, आणि टीम नेहमीच हरत असल्यामुळे आईला माझ्या उपासाची सवय झाली होती.

प्रल्हादभाऊ आमचे गोलकीपर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, नाल्यापलीकडे राहणारे, वडिलांबरोबर गवंडीकामाला जाणारे. हात असे लांब की उभे राहिले तर बोटं गुडघ्याला टेकावीत. सामना सुरू व्हायच्या आधी गोलामागे येऊन मला विचारायचे, "काय बाई, आज किती खायचे?" मी म्हणायचे, "तीन." मग ते तोंड वाकडं करायचे, "तीनच? एवढ्यानं कोणाचं पोट भरते व?" खरं सांगायचं तर आमची टीम सात गोल खायची ते प्रल्हादभाऊ होते म्हणून. ते नसते तर वीस खाल्ले असते. सामना संपला की त्यांची कोपरं सोललेली असायची, बनियनचा पिवळा रंग काळ्या मातीने झाकलेला असायचा, आणि तरी समोरच्या टीमचे लोक त्यांच्या पाठीवर थाप मारून जायचे. आमच्या टीममधला तेवढा एकच माणूस असा होता, ज्याला दुसऱ्या गावचे लोक नावाने ओळखायचे.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडच्या मैदानांवर गोलाला जाळी नसायची. दोन बांबू रोवायचे आणि वर आडवा दोर ताणून बांधायचा. दोराखालून गेला तर गोल, दोरावरून गेला तर नाही. रेफ्री एकटा, तो धावत धावत पोचेपर्यंत बॉल मागच्या तुरीत गेलेला असायचा आणि दोर नुसता हलत राहायचा. मग दोन्ही बाजू ओरडणार, बाह्या वर होणार. म्हणून आमच्या भागात एक रीत पडली होती. प्रत्येक गोलामागे एक लेकरू बसवायचं आणि वाद झाला की त्याला विचारायचं. लेकरू सांगेल ते शेवटचं, त्यावर बोलायचं नाही. मोठा माणूस आपल्या गावाकडून बोलेल, लेकरू बोलणार नाही, असा सगळ्यांचा भरवसा. कोणाचा सामना कोणाशी, याच्या चिठ्ठ्याही त्याच कारणाने लेकराच्याच हातून काढायचे. आमच्या गावच्या स्पर्धेत चिठ्ठ्या काढायचा मान माझा, कारण मी गुरुजींची लेक. म्हणून आमच्या गोलामागे बसायचा मानही माझाच, सामना कुठेही असो.

आणि त्या मानाच्या जागेवर बसून मी काय करायचे? डोळे मिटायचे! त्याचं असं झालं, की एकदा रोहिणखेडला माझ्या डोळ्यात कचरा गेला होता, मी डोळे चोळत बसले होते आणि नेमका तेव्हा प्रल्हादभाऊंनी एक अशक्य बॉल अडवला. झालं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की मी पाहिलं की गोल होतो, नाही पाहिलं की होत नाही. तेव्हापासून बॉल आमच्या गोलाजवळ आला की मी डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि मनात मारुतीचं नाव घ्यायचे. तरी गोल व्हायचेच, पण मग मला वाटायचं मीच थोडे लवकर उघडले असतील. हे कोणाला माहीत नव्हतं. मैदानावर बावीस जण पळत असताना गोलामागच्या पोरीच्या डोळ्यांकडे कोण बघतंय?

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी आमच्या गावच्या स्पर्धेत चमत्कार झाला. चिठ्ठीत आम्हाला आधी एक दुबळी टीम आली, तिच्याशी बरोबरी झाली आणि पुढे जायची चिठ्ठीही आमचीच निघाली, मग दुसऱ्या एका टीमचा ट्रॅक्टर वाटेत बंद पडल्यामुळे ती आलीच नाही, आणि हळद्या टीम एकही सामना न जिंकता थेट फायनलला! समोर खामगावकडची टीम, सगळ्यांच्या पायात बूट. आमच्यातले आठ अनवाणी. आमच्याकडे फायनल बरोबरीत सुटली तर कप दोघांचा, सहा महिने या गावात, सहा महिने त्या गावात. बाबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "जिंकायच्या भानगडीत पडू नका. गोल होऊ द्यायचा नाही, बस." सगळं गाव मैदानावर होतं. प्रल्हादभाऊ माझ्याजवळ आले, पण त्या दिवशी किती खायचे ते त्यांनी विचारलं नाही. नुसते हसले आणि बांबू हलवून पाहिला.

त्या दिवशी ते जे खेळले, ते मी अर्धंच पाहिलं आहे. अर्धा वेळ माझे डोळे मिटलेले होते. पण लोकांचा आवाज ऐकत होते. "वा रे पल्हाद! वा रे पठ्ठे!" ज्या माणसांनी एरवी त्यांना कधी ओसरीवर बसा म्हटलं नव्हतं, ती माणसं त्यांचं नाव घेऊन टोप्या उडवत होती. पाचेक मिनिटं उरली असतील. समोरच्या एका उंच्यापुऱ्या माणसाने लांबून बॉल मारायला पाय मागे घेतला. मी डोळे मिटले. लाथेचा आवाज आला, मग प्रल्हादभाऊंचा श्वास, हं असा, मग दोर सण्णकन वाजला, आणि मग समोरच्या लोकांनी गोल म्हणून आरोळी ठोकली. मी डोळे उघडले. दोर हलत होता, प्रल्हादभाऊ जमिनीवर होते आणि बॉल माझ्या मागे तुरीत जाऊन पडला होता.

रेफ्री मोताळ्याचे एक सर होते. ते धापा टाकत आले. तोपर्यंत पन्नास माणसं आत शिरलेली. कोणी म्हणे वरून, कोणी म्हणे खालून. सर ओरडले, "चिठ्ठीवाली पोरगी कुठं आहे?" मला कोणीतरी दंडाला धरून पुढे केलं. सर गुडघ्यावर बसले, माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "बाळ, घाबरू नको. दोराच्या खालून गेला का वरून?"

मी पाहिलं नाही. एवढे तीनच शब्द म्हणायचे होते. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, काऊन नाही पाह्यलं? तुले कशाले बसवलं होतं तिथं? आणि बाबा माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "खालून."

खालूनच का म्हणाले, याचा मी चाळीस वर्षं विचार केला आहे. समोरच्यांनी आधी आरोळी ठोकली म्हणून? भीतीने? ते सगळं असेल. पण खरं कारण याहून वाईट आहे. आमच्या गोलाकडे आलेला बॉल आतच जातो, हे मला ठाऊक होतं. जन्मभर तेच पाहिलं होतं... म्हणजे डोळे उघडल्यावर तेच पाहिलं होतं. मला वाटलं, गेलाच असणार. ज्या माणसासाठी मी देवाचं नाव घेत बसले होते, त्याने या वेळी बॉल अडवला असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. टीम हरली की जिच्या घशाखाली घास उतरत नसे, तिचा त्या टीमवर एवढाच विश्वास होता.

प्रल्हादभाऊ उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. "नाही ओ सर," ते म्हणाले, "माह्या बोटाले लागून वर गेला. दोरावरून गेला. मले दिसला ना." आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, काऊन खोटं बोलते व?" गर्दीतून लगेच कोणीतरी, आमच्याच गावचा माणूस, बोलला, "अबे, गुरुजीची पोर खोटी, अन् नाल्यापलीकडचा तू खरा काय बे?" त्यावर लोक हसले. आमचेच लोक. मघाशी टोप्या उडवत होते तेच. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही असं म्हणायची सोय आहे. पण कळला होता. आपलं खरं धरलं जाणार, आपण वाचलो, हे मला त्याच वाक्याने कळलं. सरांनी शिटी वाजवली. गोल दिला. आम्ही एक शून्यने हरलो.

बाबा माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी लेक आहे. आपल्या गावाविरुद्ध बोलली, पण खरं बोलली." त्यांचा कप गेला होता आणि त्यांचे डोळे अभिमानाने भरले होते. त्या क्षणी मी मेले असते तर बरं झालं असतं. ही गोष्ट बाबांनी पुढे आयुष्यभर सांगितली. पंधरा ऑगस्टच्या भाषणात सांगितली, माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितली, माझ्या मुलांना मांडीवर घेऊन सांगितली. मी खोलीतून उठून जायचे. लोकांना वाटायचं, पोर लाजाळू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादभाऊ आमच्या घरी आले. अंगणातच उभे राहिले, आईने आत या म्हटलं तरी आले नाहीत. कोपरांवर हळद लावलेली होती आणि हातात रुमालात बांधलेली बोरं. मला बोलावून म्हणाले, "बाई, मी काल तुले सगळ्यायसमोर खोटी म्हणलो. राग नको धरू. रातभर इचार केला. लेकराचे डोये साफ असतात, मोठ्या माणसाले हावरेपणानं भलतंच दिसते. खालूनच गेला असंन. माह्यं चुकलं." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं! अंगणात आम्ही दोघंच होतो, आई आत गेली होती. मी म्हणाले, "असू द्या, भाऊ." मी त्यांना माफ केलं. मी, त्यांना! आणि रुमाल सोडून बोरं घेतली, आणि त्यांच्या देखत खाल्ली.

त्यानंतर ते गोलात उभे राहिले नाहीत. बाबा दोनदा बोलवायला गेले. ते म्हणाले, "गुरुजी, आता नजरेचा भरोसा नाही राह्यला. समोर दिसते एक अन् असते एक." दुसरा कोणी कीपर धड मिळाला नाही, दोन वर्षांत हळद्या टीम मोडली, बॉलचं चामडं उंदरांनी खाल्लं. पण गावात एक म्हण तेवढी राहून गेली. कोणी थाप मारली, कोणी खोटी शपथ घेतली, की लोक म्हणायचे, "हाव, पल्हादचा बॉल! वरून गेला!" प्रल्हादभाऊंच्या समोर म्हणायचे. पारावर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत. मजुरीचे किती दिवस भरले ते त्यांनी सांगितलं तरी कोणीतरी हसत म्हणायचं, पल्हादचा बॉल! आणि ते स्वतःही हसायचे. माझं लग्न झालं, मी बुलढाण्याला आले, शाळेत भूगोल शिकवू लागले, पण सुट्टीत गावी गेले की ती म्हण कानावर यायचीच. माझ्या चुलतभावाने एकदा ती माझ्यासमोर वापरली, आणि मी... मी चहाचा कप उचलून आत गेले.

पुढे प्रल्हादभाऊ गवंडी म्हणून नावाजले. त्यांची भिंत इथून तिथवर एका रेषेत असायची. ओळंबा एकदा सोडून त्यांचं समाधान व्हायचं नाही. दोनदा सोडत, तीनदा सोडत, मग हाताखालच्या बाईला म्हणत, "माय, तू पाह्य बरं, मले सरळ दिसून राह्यली, पण तू पाह्य." लोक म्हणायचे, काय चोख माणूस आहे! तो चोखपणा नव्हता. ती शंका होती, आणि ती कोणी पेरली हे पृथ्वीवर एकट्या मला माहीत होतं. आम्ही बुलढाण्याला घर बांधलं तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांनाच बोलावलं. मला नाही म्हणता आलं नाही. पुढची भिंत पुरी झाली त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. "ताई, इकडं ये. तू सांग, सरळ हाये का. दुसऱ्या कोणाचं नाही, तुह्या नजरेवर आपला भरोसा."

मी भिंतीकडे पाहिलं. हातात चहाचा ट्रे होता. सांगून टाक, सुमन, आत्ता सांग... मनात दहा वेळा म्हटलं. "सरळ आहे, भाऊ," एवढंच तोंडातून निघालं. ते खूश झाले. माझ्याकडून भिंत पास करून घेऊन ते चहा प्यायले, आणि मी आजही त्याच भिंतीच्या आत राहते.

शेवटची भेट या होळीच्या आधीची. गावात लग्न होतं. प्रल्हादभाऊ मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले होते, अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण हात तेवढेच लांब. मी त्या दिवशी ठरवूनच गेले होते. जाऊन शेजारी बसले. म्हणाले, "भाऊ, तुम्हाला एक सांगायचं होतं. ती फायनल..." त्यांनी हात झटकला. "सोड व ताई. त्या दिवशी तू खरं बोलली, तुह्यं भलं झालं. शिकली, मास्तरीण झाली. गुरुजी लय खूश होते." आणि असे मोकळे हसले की मी पुढचं वाक्य सोडून दिलं. मला वाटलं, आता कशाला? म्हातारा माणूस सुखात आहे, त्याला कशाला दुखवायचं? आपला भ्याडपणा दुसऱ्याच्या सुखाच्या नावावर खपवायला माणूस किती तयार असतो! मी म्हणाले, माझी एसटी निघेल. एसटीला अजून तास होता.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर आठेक दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. शांतावहिनी, त्यांच्या पत्नी, एकट्याच होत्या. खोली स्वच्छ सारवलेली. प्रल्हादभाऊंचा सदरा अजून खुंटीवर होता आणि खाटेवरचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. वहिनींनी पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधीच बोलायला लागले, कारण पाणी प्यायले असते तर पुन्हा गप्प बसले असते. सगळं सांगितलं. डोळे मिटायची सवय, दोर, मोताळ्याचे सर, बोरं, भिंत, लग्नातला मांडव. रडतही होते. वहिनी खाली बघत ऐकत राहिल्या. मला वाटत होतं त्या म्हणतील, जाऊ द्या ताई, लेकरू होत्या तुम्ही. माझे कान त्यासाठीच आसुसले होते, हेही कबूल करते.

वहिनी म्हणाल्या, "चाळीस वर्सं संग राह्यली मी त्यायच्या. घरातून निंगतानी कडी लावत अन् तीनदा मांगं येत. म्हणत, शांते, लावली ना मी? तू पाह्य. मी चिडो. म्हणो, सोताच्या हातानं लावली ना, मंग? ते म्हणत, मले वाटते लावली, पण माह्या वाटण्याचं काही खरं नाही." "मागच्या आठवड्यात नातू शाळेतून रडत आला. शर्ट फाटेल होता. पोट्टे म्हणे, पल्हादचा बॉल, पल्हादचा बॉल. आजा मरून पंधरा दिस नाही झाले, ताई. तुम्ही मले सांगून राह्यल्या. मले काऊन सांगता? मी कधी त्यायले खोटं म्हणलं? तुम्ही सगळ्या गावासमोर बोलल्या होत्या ना? मंग गावाले सांगा."

त्यांनी मला माफ केलं नाही. करायलाही नको होतं. निघताना मी पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या.

ते रेफ्री सर आता नाहीत. बाबा जाऊन बारा वर्षं झाली. एवढं बरं, की त्यांना हे वाचावं लागणार नाही, आणि एवढंच वाईटही. टीममधले पाच-सहा जण आहेत, दिगांबर आहे, ज्यांनी तेव्हा हसण्यात हसू मिसळलं ते बरेच आहेत, आणि त्यांची नातवंडं ती म्हण वापरताहेत. मैदान आता राहिलेलं नाही, त्यामुळे सगळ्यांना एका जागी गोळा करून बोलता येणार नाही. पण पेपरची ही पुरवणी रविवारी आमच्या गावात सलूनमध्ये येते, चक्कीवर येते, शाळेत येते. म्हणून इथे लिहिलं. आता माझ्या गावाशी माझ्या गावच्या बोलीत बोलते, म्हणजे कोणाला कळलं नाही असं व्हायला नको.

आइका. त्या दिवशी माह्ये डोये मिटेल होते. मी काहीच पाह्यलं नाही. मी खोटं बोलली. पल्हादभाऊचे डोये उघडे होते, त्यायनं पाह्यलं होतं, अन् त्यायनं तिथंच सांगतलं होतं. बॉल दोरावरून गेला.